गाणी ठेवणारं यंत्र, गाणी वाजवणारं यंत्र

घरात बरा अ‍ॅम्प्लिफायर आहे, स्पीकर आहेत आणि गाण्यांचा साठा हार्ड डिस्कवर नाहीतर मोबाइलमध्ये आहे. ही दोन टोकं जोडायची कशानं, असं विचारलं की सल्लागारांचे लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, टीव्हीखाली छोटा कॉम्प्युटर ठेव, त्याचं मीडिया सेंटर कर; गाणीही वाजतील आणि सिनेमेही दिसतील. दुसरा म्हणतो, कॉम्प्युटरचं लचांड कशाला, नुसती गाणी वाजवायला केलेला स्ट्रीमर घे आणि मोकळा हो. दोघांची जुंपते ती आवाजावरून. आवाजाचा वाद मला आता फारसा उरलेला दिसत नाही. पण त्या यंत्राकडे बघणार कोण, घरातल्या बाकीच्यांना ते लावता येईल का आणि बनवणाऱ्या कंपनीचं मन उडालं तर त्याचं काय होईल, हे प्रश्न चांगलेच शिल्लक आहेत आणि दुकानात त्यांच्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.

तरी आवाजाचं आधी उरकून घेऊ. १९८२ साली सीडी बाजारात आली तेव्हा ठरलेलं माप आजही चालू आहे: सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, डावी-उजवी अशा दोन वाहिन्या. गुणाकार केला तर सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. त्या काळी हा ढीग होता. आज एचडी सिनेमा याच्या तिप्पट-चौपट डेटा ओढतो आणि घरातलं वायफाय तो बिनबोभाट देतं. फ्लॅक पद्धतीनं साठवलं तर हीच गाणी एकही बिट न गमावता निम्म्यापासून पाऊणपर्यंत जागेत बसतात. म्हणजे सीडीचा आवाज फाइलमधून काढून पुढे पोचवायला जुनापुराणा लॅपटॉपही पुरून उरतो. कॉम्प्युटर जितका ताकदवान तितकं गाणं गोड, असं कोणी सांगितलं तर तो कॉम्प्युटर विकायला बसला आहे असं समजावं.

कॉम्प्युटरची अडचण ताकदीची नाही, त्याच्यामागे असलेल्या दहा कामांची आहे. विंडोजमध्ये गाणं, ब्राउझरमधला व्हिडिओ, व्हॉट्सअ‍ॅपची टिंग हे सगळे आवाज एका ठिकाणी मिसळले जातात आणि मिसळायचे तर सगळ्यांचं माप एक करावं लागतं. हे माप पुष्कळदा सेकंदाला ४८,००० नमुने असं लावलेलं असतं. सीडीवरून घेतलेलं गाणं ४४,१०० चं. मग विंडोज दर १४७ नमुन्यांच्या जागी १६० नमुने हिशेबानं नव्यानं बनवतं. हे काम नीट झालं तर कानाला फरक कळणं कठीण, हेही खरं. मारव्याच्या आलापीत मध्येच वाजलेली टिंग मात्र कोणालाही कळते.

यावर उपाय आहे. व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, विंडोजमध्ये वासापी नावाची वाट आहे. तिचा ‘एक्सक्लुझिव्ह’ पर्याय घेतला की गाणं वाजवणारा प्रोग्राम डॅकचा, म्हणजे आकड्यांचे नमुने विजेच्या लहरीत बदलणाऱ्या यंत्राचा, ताबा एकटा घेतो आणि बाकीच्यांना गप्प बसावं लागतं. फूबार२००० सारख्या मोफत प्लेअरमध्ये हा पर्याय निवडता येतो. मॅकवर ‘ऑडिओ मिडी सेटअप’मध्ये जाऊन माप हातानं बदलायची पाळी येते. लिनक्सवाल्यांना अल्सा नावाचा थेट रस्ता आहे. हे सगळं एकदाच करायचं असतं, असं म्हणतात. प्रत्यक्षात एखादं मोठं अपडेट येऊन गेलं की सेटिंग परत तपासावी लागते. स्ट्रीमरला यातलं काहीच करावं लागत नाही, कारण त्यात टिंग करणारं दुसरं कोणी नसतंच.

दुसरा जुना आक्षेप घड्याळाचा.  आकड्यांचे नमुने डॅकनं नेमक्या क्षणी विजेच्या लहरीत बदलायचे असतात. तो क्षण किंचित मागेपुढे झाला की त्याला जिटर म्हणतात. पूर्वी डेटा ज्या तारेतून यायचा त्याच तारेतून डॅकला वेळही ओळखून काढावी लागायची. असिंक्रोनस यूएसबीनं हा कारभार उलटा केला. घड्याळ डॅकमध्येच बसवलं, आणि आता थोडं जास्त पाठव, आता थोडं कमी, असं डॅकच कॉम्प्युटरला सांगू लागला. चांगल्या डॅकमध्ये त्यासाठी दोन स्फटिक असतात: ४४,१०० च्या पटीतल्या मापांसाठी २२.५७९२ मेगाहर्ट्झचा आणि ४८,००० च्या पटीतल्या मापांसाठी २४.५७६ मेगाहर्ट्झचा. असा डॅक लावला की त्याच्यामागे कॉम्प्युटर आहे की स्ट्रीमर, याचं त्याला फारसं सोयरसुतक राहत नाही. ज्यांना तरीही जमीन-अस्मानाचा फरक ऐकू येतो, त्यांना मागे कोणतं यंत्र आहे हे न सांगता तीच फाइल ऐकवून पाहावी.

आता ज्या एका गोष्टीत कॉम्प्युटर खरोखर आवाज बिघडवतो ती सांगतो. त्याबद्दल लिहिणारे कमी, आणि आपल्याकडच्या घरांत ती सर्रास आढळते: घूं. लॅपटॉप अ‍ॅम्प्लिफायरला जोडला की गाणं सुरू नसतानाही स्पीकरमधून बारीक घूं येते. वीज ५० हर्ट्झची, म्हणून ही घूं ५० आणि १०० हर्ट्झची असते. तिच्यावर कधी कधी माउस हलवला की किरकिर अशी वरची भरही पडते. याची कारणं दोन. चार्जर दोन पिनांचा असेल तर त्याच्यातून थोडी वीज लॅपटॉपच्या अंगावर झिरपते. धातूच्या लॅपटॉपवर हात फिरवला की मुंग्या आल्यासारखं वाटतं ती हीच. चार्जर तीन पिनांचा असेल आणि अ‍ॅम्प्लिफायरही तीन पिनांचा, पण दोघं वेगवेगळ्या बोर्डांवर, तर अर्थिंगचं एक वेटोळं तयार होतं आणि ते वेटोळं घूं गोळा करतं. टीव्हीला केबलवाल्याची वायर जोडलेली असली तर ती आणखी एक अर्थिंग घेऊन येते, आणि मीडिया सेंटर तर एचडीएमआयनं टीव्हीलाच बांधलेलं असतं.

चोर शोधणं सोपं आहे. लॅपटॉपचा चार्जर काढा. घूं थांबली तर चोर चार्जर. नाही थांबली तर टीव्हीच्या मागची केबलची वायर काढून पाहा. उपाय म्हणजे सगळी यंत्रं एकाच बोर्डावरून घ्यायची, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर कॉम्प्युटर ते डॅक हा दुवा ऑप्टिकल केबलनं जोडायचा. त्या केबलमधून वीज जातच नाही, प्रकाश जातो, त्यामुळे वेटोळं तिथेच तुटतं. अर्थिंगची पिन काढून टाकायचा सल्ला काही इलेक्ट्रिशियन देतात. घूं जाते, आणि त्याबरोबर जिवाची सुरक्षितताही जाते. तो सल्ला ऐकू नये. लोडशेडिंगच्या वेळी इन्व्हर्टरवर घूं वाढत असेल तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे, साइन वेव्हचा नाही, हे बघावं. स्ट्रीमरला बहुधा एवढासाच अ‍ॅडॉप्टर असतो, डेटा वायफायवरून येतो, टीव्हीशी संबंध नसतो. त्यामुळे ही पीडा त्याच्या वाटेला क्वचित येते. आवाजाच्या बाबतीत मी स्ट्रीमरच्या पारड्यात टाकीन ते एवढंच. कॉम्प्युटरच्या पंख्याच्या आवाजाची तक्रार मी मुद्दामच केली नाही. छताचा पंखा पाचवर ठेवून गाणं ऐकणाऱ्या आपल्या देशात ती शोभत नाही.

मीडिया सेंटर मुळात गाण्यासाठी जन्मलेलंच नाही, हे त्याच्या इतिहासावरून दिसतं. मायक्रोसॉफ्टनं २००२ मध्ये विंडोज एक्सपीची ‘मीडिया सेंटर’ आवृत्ती काढली ती सोफ्यावर बसून रिमोटनं टीव्ही बघण्यासाठी. त्याच सुमारास काही हौशी प्रोग्रामरांनी मायक्रोसॉफ्टच्याच एक्सबॉक्स या गेमच्या खोक्याचं कुलूप फोडलं. आत ७३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि अवघी ६४ एमबी मेमरी. पण त्यावर त्यांनी सिनेमे आणि गाणी वाजवणारा प्रोग्राम बसवला. आधी त्याचं नाव एक्सबॉक्स मीडिया प्लेअर होतं, मग एक्सबॉक्स मीडिया सेंटर झालं, आणि एक्सबॉक्सशी काही संबंध उरला नाही तेव्हा, २०१४ मध्ये, कोडी. मायक्रोसॉफ्टनं स्वतःचं मीडिया सेंटर २०१५ मध्ये विंडोज १० आणताना मोडीत काढलं. हौशी लोकांचं कोडी मात्र आजही फुकट मिळतं आणि विंडोज, लिनक्स, अँड्रॉइड सगळीकडे चालतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिची गरज लागणार आहे.

कोडी पडद्यासाठी बनलं आहे. एक नाट्यपद ऐकायचं तर टीव्ही चालू करा, एचडीएमआयचा योग्य सोर्स निवडा, कॉम्प्युटर जागा व्हायची वाट बघा, मग बाणांच्या बटणांनी संगीत, कलाकार, अल्बम असं खाली खाली उतरत जा. मोबाइलवरून हे सगळं चालवणारी अ‍ॅप आहेत आणि ती चांगलीही आहेत. तरीपण काहीतरी अडलं की अखेर पडद्याकडेच धावावं लागतं. त्यातून आवाज एचडीएमआयनं टीव्हीत आणि टीव्हीतून अ‍ॅम्प्लिफायरकडे नेला असेल तर बरेच टीव्ही जाता जाता सगळं ४८,००० च्या मापात करून टाकतात, म्हणजे वासापीची खटपट वायाच. गाणी महत्त्वाची असतील तर कॉम्प्युटरमधून यूएसबीनं थेट डॅककडे जावं, टीव्हीला फक्त चित्र द्यावं.

घरातला खरा परीक्षक मात्र वेगळा असतो. आजीला सकाळी सहा वाजता अभंग लावायचे असतात. रेडिओला एक बटण होतं, टेपरेकॉर्डरला एक बटण होतं. मीडिया सेंटरसमोर ती उभी राहते तेव्हा पडद्यावर ‘अपडेट चालू आहे, कॉम्प्युटर बंद करू नका’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. ज्याला हे यंत्र समजतं तो घरातला एकमेव माणूस गावाला गेला की सगळं घर मुकं. सल्ला देणारे बहुतेक तेच एकमेव असल्यामुळे त्यांना ही अडचण दिसत नाही.

स्ट्रीमरचा जन्म या अडचणीतूनच झाला. कॅलिफोर्नियातल्या स्लिम डिव्हायसेस या छोट्या कंपनीनं २००१ मध्ये स्लिमपीथ्री नावाची वस्तू काढली. पाठीत नेटवर्कची वायर आणि अ‍ॅम्प्लिफायरची वायर, पुढे चमकत्या अक्षरांची एक पट्टी, हातात रिमोट. आत हार्ड डिस्क नाही. गाणी दुसऱ्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर. तिथे चालणारा सर्व्हर प्रोग्राम ती पाठवणार आणि बैठकीतलं खोकं फक्त वाजवणार. २००३ मध्ये याच घराण्यातला स्क्वीझबॉक्स आला, वायफायसकट. कामाची ही वाटणी फार मोलाची होती. गाणी सांभाळणं, शोधणं, याद्या करणं हे गुंतागुंतीचं काम कॉम्प्युटरकडे राहिलं. वाजवण्याचं साधं काम एका मुक्या, शांत वस्तूकडे गेलं. पुढे २००५ मध्ये सोनोसनं घरभर एकाच वेळी वाजणारे प्लेअर आणले, २००७ मध्ये ग्लासगोच्या लिन कंपनीनं ‘क्लायमॅक्स डीएस’ हा महागडा नेटवर्क प्लेअर आणला, आणि दोन वर्षांनी तर सीडी प्लेअर बनवणंच थांबवलं.

स्ट्रीमरही कॉम्प्युटरच असतो, हे विसरू नये. आत छोटा प्रोसेसर असतो, बहुधा लिनक्स असतं, मेमरी असते. फरक इतकाच की त्याचं कुलूप कंपनीकडे असतं. म्हणून तो बिघडत नाही, आणि म्हणूनच तो बिघडला तर आपल्याला काही करता येत नाही. गूगलनं २०१५ मध्ये क्रोमकास्ट ऑडिओ नावाची छोटी चकती काढली. स्वस्त, साधी, जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला नवा जन्म देणारी. २०१९ च्या सुरुवातीला तिचं उत्पादन थांबलं. ज्यांच्याकडे होत्या त्यांच्या चालत राहिल्या. मग मार्च २०२५ मध्ये एके दिवशी जगभरच्या या चकत्या एकदम बंद पडल्या. वस्तू ठणठणीत होत्या, वायफाय ठणठणीत होतं. त्यांच्या आत ओळख पटवणारं एक डिजिटल प्रमाणपत्र होतं, त्याची दहा वर्षांची मुदत संपली होती. गूगलनं काही दिवसांत दुरुस्ती पाठवली. पण पाठवायचं नाही असं ठरवलं असतं तर मालकाच्या हातात काय होतं? सोनोसनं २०२० मध्ये आपल्या सर्वांत जुन्या प्लेअरांना यापुढे अपडेट मिळणार नाहीत असं जाहीर केलं तेव्हा ग्राहकांनी रान उठवलं आणि कंपनीला जुन्यांसाठी वेगळं अ‍ॅप चालू ठेवावं लागलं. २०२४ मध्ये त्याच कंपनीनं नवं अ‍ॅप आणलं आणि गजर, स्लीप टायमर यांसारख्या रोजच्या सोयी त्यातून गायब झाल्या. वस्तू तीच, भिंतीवर टांगलेली. बदललं ते दूर कुठेतरी.

स्क्वीझबॉक्सची गोष्ट याच्या उलट घडली, आणि मला ती या सगळ्या प्रकरणातली सर्वांत शिकण्यासारखी वाटते. २००६ मध्ये लॉजिटेकनं स्लिम डिव्हायसेस विकत घेतली आणि २०१२ मध्ये स्क्वीझबॉक्स बंद केला. सर्व्हर प्रोग्राम मात्र पहिल्यापासून मुक्त होता, त्याचा कोड कोणालाही वाचता-बदलता येत होता. वापरणाऱ्यांनी तो चालू ठेवला. लॉजिटेकनं आपली ऑनलाइन सेवा २०२४ च्या सुरुवातीला बंद केली तेव्हा तिच्यावर चालणाऱ्या गोष्टी तोवर लोकांनी सर्व्हरमध्येच आणून ठेवल्या होत्या. त्याच वर्षी त्या प्रोग्रामनं लॉजिटेकचं नाव टाकून लिरियन म्युझिक सर्व्हर हे नाव घेतलं. वीस वर्षांपूर्वीचा स्क्वीझबॉक्स आजही त्याच्यावर वाजतो. आणि खरा स्क्वीझबॉक्स नसला तरी चालतं, कारण स्क्वीझलाइट नावाचा एक एवढासा प्रोग्राम कुठल्याही छोट्या कॉम्प्युटरला स्क्वीझबॉक्सचं सोंग घ्यायला लावतो. कोडी टिकलं त्याच कारणानं, म्हणजे कोड मुक्त असल्यानं, स्क्वीझबॉक्सही टिकला.

हा छोटा कॉम्प्युटर बहुतेकांच्या घरी रास्पबेरी पाय असतो. २०१२ मध्ये तो आला तेव्हा त्याची किंमत ३५ डॉलर होती. त्याच्या पहिल्या पिढ्यांत यूएसबी आणि नेटवर्क दोघांना एकाच अरुंद वाटेनं जावं लागायचं. २०१९ च्या पाय ४ पासून वाटा वेगळ्या झाल्या. ज्या पायला हेडफोनची जागा असते तिचाही आवाज सुमार असतो, त्यामुळे यूएसबी डॅक किंवा पायच्याच डोक्यावर बसणारी डॅकची पट्टी लावावी लागते. त्याचा एक दोष आपल्या वीजपुरवठ्यामुळे ठळक होतो: दिवे अचानक गेले की मेमरी कार्डावरचा मजकूर खराब होऊ शकतो. पायकोअरप्लेअर ही प्रणाली सुरू होताना स्वतःला मेमरीत चढवते आणि कार्डाला नंतर फारसा हात लावत नाही, त्यामुळे खुशाल स्विच बंद करावा. वीज खाण्याच्या बाबतीत जुना मोठा सीपीयू ६० वॅटचा धरला आणि दिवसरात्र चालू ठेवला तर महिन्याला ४३ युनिट होतात. पाय पाच वॅटचा धरला तर चारसुद्धा होत नाहीत.

इथपर्यंत मी वाजवण्याबद्दल बोललो. ठेवण्याचा भाग मराठी श्रोत्याला जास्त छळतो, आणि तिथे कॉम्प्युटरला पर्याय नाही.

गाण्यांच्या याद्या करणारे सगळे प्रोग्राम कलाकार, अल्बम, गाणं या तीन खणांत विचार करतात, कारण ते पाश्चात्त्य पॉप गाण्यांसाठी बनले. आपल्याकडे ‘कट्यार काळजात घुसली’ घ्या. १९६७ चं नाटक, लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर, संगीत जितेंद्र अभिषेकी, गायक वसंतराव देशपांडे. २०१५ चा सिनेमा, संगीत शंकर-एहसान-लॉय, शिवाय जुनी पदंही नव्यानं गायलेली, त्यात वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे. प्लेअरमध्ये नाव शोधलं की सगळं एका ढिगात. कलाकाराच्या खणात कोणाला घालायचं, गायकाला की संगीतकाराला? ख्यालाच्या सीडीवर तर राग, ताल, लय, बंदिश, तबल्यावर कोण, पेटीवर कोण, बैठक कुठली, एवढी माहिती असते आणि खणच नसतात. त्यात नावांचा गोंधळ. ‘भीमसेन जोशी’, ‘पं. भीमसेन जोशी’ आणि ‘पंडित भीमसेन जोशी’ हे यंत्राच्या दृष्टीनं तीन गायक आहेत.

फ्लॅक फाइलची एक सोय इथे उपयोगी पडते. तिच्यात आपल्या मनानं नवे खण करता येतात. खणाचं नाव रोमन लिपीत द्यावं लागतं, पण आतला मजकूर देवनागरीत चालतो: रागाच्या खणात ‘मारवा’, तालाच्या खणात ‘झपताल’. एमपी३ टॅगसारखा प्रोग्राम घेऊन रविवारी दुपारी बसलं की शंभर फाइलींची नावं एका फटक्यात ‘पं.’ शिवाय करता येतात. मग फूबार२००० मध्ये रागानुसार यादी पाडा, भूप एका बाजूला, भीमपलास एका बाजूला. एकाच रागात चार गायक एकामागून एक ऐका. लिरियनलाही हे खण शिकवता येतात. कोडी आणि कंपन्यांच्या बहुतेक स्ट्रीमरांची अ‍ॅप मात्र आपण केलेल्या खणांकडे ढुंकूनही बघत नाहीत. त्यांच्यासाठी तोडगा म्हणून फोल्डरच नीट लावावेत: गायक, त्यात राग, त्यात ध्वनिमुद्रणाचं ठिकाण आणि साल. जवळपास सगळे प्लेअर फोल्डर दाखवतात. स्वस्तातली काही यंत्रं देवनागरीच्या जागी चौकोन दाखवतात, तेव्हा दुकानात जाताना अशा दोन फाइली पेनड्राइव्हवर घेऊन जाव्यात.

त्याच पेनड्राइव्हवर आणखी एक परीक्षा न्यावी. ज्या सीडीवर विलंबित आणि द्रुत वेगवेगळ्या ट्रॅकवर आहेत, पण तंबोरा अखंड चालू आहे, अशा दोन फाइली लागोपाठ लावून बघा. जोडावर तंबोरा क्षणभर तुटला तर ते यंत्र शास्त्रीय संगीताच्या कामाचं नाही. पेनड्राइव्हवरून पास झालं तरी घरी मोबाइलवरून डीएलएनए या नेटवर्कच्या पद्धतीनं गाणी पाठवताना तेच यंत्र अडखळू शकतं, कारण पुढचं गाणं कोणतं हे त्या पद्धतीत आधी कळवणं ऐच्छिक आहे. पुष्कळ अ‍ॅप आणि प्लेअर ते करतच नाहीत, आणि एक संपल्यावर दुसरं मागवेपर्यंत शांतता. तीन मिनिटांच्या गाण्यांत कोणाच्या लक्षातही येत नाही.

ज्यांच्याकडे साठाच नाही, सगळं स्पॉटिफाय किंवा अ‍ॅपल म्युझिकवर, त्यांचं गणित सोपं. त्यांनी स्ट्रीमर घ्यावा. स्पॉटिफाय कनेक्टमध्ये मोबाइल फक्त हुकूम सोडतो आणि गाणं स्ट्रीमर स्वतः इंटरनेटवरून ओढतो. फोन आला तरी गाणं थांबत नाही. ब्लूटूथवर थांबतं, शिवाय आवाज वाटेत पुन्हा दाबला जातो. खरेदीच्या वेळी खोक्यावर छापलेल्या सेवांची यादी बघून भुलू नये. टायडल, कोबझ ही नावं हमखास असतात. ती आपल्या देशात रीतसर मिळतात का ते आधी बघावं. अ‍ॅपल म्युझिक बहुतेक स्ट्रीमरवर स्वतःहून चालत नाही, आयफोनवरून एअरप्लेनं पाठवावं लागतं. आणि जुन्या मैफिली, आकाशवाणी-दूरदर्शनची ध्वनिमुद्रणं यांच्यासाठी ज्याचा मुक्काम यूट्यूबवर असतो, त्याला स्ट्रीमर लवकरच तोकडा वाटेल. ब्राउझरमध्ये जे चालतं ते सगळं चालणार असं यंत्र कॉम्प्युटर हेच. ज्याला गाण्याइतकेच सिनेमे हवेत त्यानंही कोडीवाला मिनी पीसीच घ्यावा, घूं शोधायची तयारी ठेवून.

ज्याच्याकडे चारशे सीडी आणि कॅसेटचं खोकं आहे, त्याला मी स्लिम डिव्हायसेसची जुनी वाटणीच सुचवीन. घरातला जुना लॅपटॉप माळ्यावरून काढा, बैठकीत ठेवू नका; राउटरशेजारी ठेवा आणि वायरनं जोडा. विंडोज १० ला अपडेट मिळणं ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबलं, तेव्हा त्यावर लिनक्स घातलेलं बरं. लिरियन बसवा. मग घरातल्या कुठल्याही ब्राउझरमध्ये त्या लॅपटॉपचा पत्ता आणि पुढे ९००० हा पोर्ट टाकला की सगळा संग्रह समोर येतो. बैठकीत डॅकसकट पाय किंवा लिरियनशी जमवून घेणारा एखादा तयार स्ट्रीमर. आजीसाठी अभंगांची एक यादी करून तिच्या मोबाइलवर पहिल्या पानावर ठेवून द्या. पुढेमागे वाजवणारं यंत्र बंद पडलं किंवा कंपनी बुडाली तर तेवढंच बदलायचं. साठा, खण, याद्या जागच्या जागी.

सीडी उतरवताना एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीसारखा प्रोग्राम घ्यावा. तो आपली प्रत इतरांनी त्याच सीडीवरून घेतलेल्या प्रतींशी ताडून बघतो आणि एक बिट चुकला तरी सांगतो. चारशे सीडी फ्लॅकमध्ये साधारण दीडशे जीबीत बसतात, म्हणजे जागेचा प्रश्न नाही. कॅसेटना वेळ लागतो, कारण तासाची कॅसेट तासभरच वाजते आणि तेवढा वेळ ऑडेसिटी हा ध्वनिमुद्रणाचा प्रोग्राम उघडून बसावं लागतं. आधी टेपरेकॉर्डरचं हेड स्पिरिटनं पुसा, कॅसेट एकदा पुढे-मागे फिरवून घ्या. सुरुवात बाजारातून विकत घेतलेल्या कॅसेटपासून करू नये. ती गाणी बहुधा कोणत्या ना कोणत्या सेवेवर असतात. मामांनी गणपतीतल्या गाण्याच्या कार्यक्रमात पहिल्या रांगेत बसून भरलेली, वर पेन्सिलीनं फक्त राग लिहिलेली कॅसेट आधी घ्यावी, आणि उतरवून झाली की तिची एक प्रत बहिणीच्या किंवा भावाच्या घरच्या डिस्कवर त्याच आठवड्यात टाकावी.